टाइम-लॅप्समधली उजेडाची उघडझाप : दुरुस्तीला खर्च किती?

गणपतीच्या मंडपाची आरास उभी राहत असताना कोपऱ्यात ट्रायपॉडवर कॅमेरा लावलेला असतो. रात्रभराचं काम अर्ध्या मिनिटात बघायला मिळणार, म्हणून सगळे उत्सुक असतात. पण व्हिडिओ सुरू झाला की उजेड कमी-जास्त होत फडफडत राहतो. फोटोग्राफर याला फ्लिकर म्हणतात. अशा वेळी लोक थेट सॉफ्टवेअर विकत घ्यायला धावतात. तसं करू नका. आधी कारण शोधा, कारण बरेचदा उपाय फुकटच असतो.

लागोपाठच्या दहा-बारा फोटोंची माहिती उघडून बघा. शटर किंवा आयएसओचे आकडे फोटोगणिक बदलत असतील, तर कॅमेरा ऑटोवर होता. रंगाची छटा बदलत असेल, तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. पुढच्या वेळी दोन्ही मॅन्युअल ठेवा, खर्च शून्य.

आकडे तेच असूनही उजेड हलत असेल, तर बहुधा दोष अ‍ॅपर्चरचा. एफ/8 वर फोटो काढताना लेन्सची पाती प्रत्येक क्लिकला मिटतात आणि दर वेळी अगदी तेवढीच मिटत नाहीत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर पाती हलतच नाहीत. भर उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर लागेल. साधा फिल्टर हजार-दोन हजारांपासून मिळतो. अ‍ॅपर्चरची रिंग हातानं फिरवायची जुनी लेन्स घरात असेल, तर तीही वापरता येते.

मंडपातलं दुखणं मात्र वेगळं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की निम्मी कटकट मिटते. डिमरवरचे एलईडी आणि पळत्या लाइटिंगच्या माळा या हिशेबात बसत नाहीत. तिथे एक-दोन सेकंदांचं लांब एक्स्पोजर द्या, म्हणजे चढउतार एकाच फोटोत मिसळून जातात.

आता काढून झालेल्या फोटोंचं बघू. एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात ‘डीफ्लिकर’ नावाचा फिल्टर आहे. तो आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी घेऊन अख्ख्या चित्राचा उजेड सारखा करतो. हलक्या फडफडीला तो पुरतो. कॅमेऱ्यासमोरून पांढरा टेम्पो गेला की मात्र त्याची सरासरी फसते.

एलआरटाइमलॅप्स यापेक्षा बारकाईनं काम करतं. स्थिर उजेडाचा एखादा भाग आपण निवडायचा, त्यावरून ते प्रत्येक रॉ फाइलचं एक्स्पोजर जुळवतं. सूर्यास्ताला शटर टप्प्याटप्प्यानं बदललं असेल, तर त्या पायऱ्याही ते मिटवतं. चाचणी आवृत्ती मोफत आहे, पण एका मालिकेत 400 फोटोंपर्यंतच आणि व्यावसायिक कामासाठी नाही. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर 400 फोटोंचे 16 सेकंद होतात. घरगुती हौसेला तेवढे पुरतात. खरा खर्च पुढे आहे : याच्यासोबत अ‍ॅडोबीचं लाइटरूम लागतं आणि त्याचे पैसे वर्गणीनं भरत राहावे लागतात. दाविंची रिझॉल्व्हचं तसं नाही. त्याची मोफत आवृत्ती उत्तम आहे, पण डीफ्लिकर स्टुडिओ आवृत्तीतच मिळतं. तिची किंमत 295 डॉलर, तीही एकदाच, कर वेगळा.

डिस्कचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत. 24 मेगापिक्सेलच्या रॉ फाइली 25-30 एमबींच्या, म्हणजे 400 फोटोंचे 10-12 जीबी. मधल्या टप्प्यावर 16-बिट टिफ काढल्या, तर एकेक फाइल सुमारे 144 एमबींची आणि सगळ्या मिळून 57 जीबींच्या वर. उजेड रॉवरच जुळवून घेतला असेल, तर पुढे चांगल्या दर्जाचे जेपेग चालतात.

काम एडिटरला द्यायचं असेल, तर रॉ फाइली द्या, तयार व्हिडिओ नको. आधी पाच सेकंदांचा नमुना करून मागा. आकाश किंवा दिवे जळून पांढरेफटक झाले असतील, तर तिथला तपशील परत आणण्याचं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नका. तो फाइलमध्ये उरलेलाच नसतो.

वर्षाला एखाद-दुसरा टाइम-लॅप्स करणाऱ्यांनी विकत काहीच घेऊ नये. दर महिन्याला पैसे घेऊन कामं करणाऱ्यांनी लायसन्स जरूर घ्यावं. आणि अंतिम व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय मूळ रॉ फाइली कुणीही पुसू नयेत.