दोन प्रोसेसर, एक बस

१९९९ च्या अबिट बीपी-६ मदरबोर्डवर दोन स्वस्त सेलेरॉन एकत्र चालतात. सेलेरॉन ३६६ चा मल्टिप्लायर ५.५ वर लॉक असतो, म्हणून ओव्हरक्लॉकिंगसाठी बसचाच वेग वाढवावा लागतो. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ५.५ × १०० = ५५०! पण बस दोघांना एकच. त्यामुळे जोडीचा वेग कमजोर प्रोसेसर ठरवतो.

तो हँग होत असेल तर व्होल्टेज थोडं वाढवतात. मात्र उष्णता साधारणपणे वेग × व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. २.० चे २.२ व्होल्ट केले तर ५५० ला ती मूळच्या सुमारे १.८ पट होते. म्हणून आधी चांगला हीटसिंक-फॅन लावा, मगच सेटिंगला हात लावा. आणि हो, विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर वापरताच येत नाही. विंडोज २००० किंवा लिनक्स टाका, नाहीतर सगळी मेहनत फुकट!