अक्षरं दिसतात, पण सापडत का नाहीत?

मॉसन लेक्सचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते डग्लस मॉसन अ‍ॅडलेड विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची अंटार्क्टिका मोहीम १९११ ते १९१४ या काळात झाली. तिचे शास्त्रीय अहवाल मात्र थेट १९४७ पर्यंत छापले जात होते! दोन महायुद्धं होऊन गेली तरी छपाई संपली नव्हती. आज ते अहवाल घरबसल्या, फुकट वाचता येतात. अ‍ॅडलेड विद्यापीठानेही २००९ मध्ये स्वतःची प्रकाशन संस्था काढली, तीच मुळी ई-पुस्तकं मोफत देण्यासाठी.

मग मराठीतल्या अभ्यासग्रंथांचं काय? त्यांच्याही पीडीएफ आपल्याला मिळतात की. पण एक प्रयोग करून बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मराठी पुस्तकाची पीडीएफ उघडा, त्यातला एक शब्द कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवा. बऱ्याचदा तिथे उमटतील इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. पडद्यावर शुद्ध मराठी, आत मात्र कचरा. असं का होतं?

संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. जुन्या फाँटमध्ये जेमतेम २५६ घरं असायची आणि ती इंग्रजीसाठी आखलेली. श्रीलिपीसारख्या डीटीपी प्रणालींनी त्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: काना, वेलांटी, अर्धा स, रफार. म्हणजे फाइलमध्ये आकडा इंग्रजी अक्षराचा, आणि फाँट त्या जागी ‘क’ काढून दाखवणार. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्या काळात दुसरा चांगला उपाय नव्हता आणि छापील पान सुंदर यायचं, त्यामुळे प्रकाशकांना दोष देण्यात अर्थ नाही.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक ०९१५ (सोळाच्या पायावरच्या मोजणीतला), मग फाँट कोणताही असो. शिवाय अक्षरांचा क्रम उच्चाराप्रमाणे ठेवला. ‘किरण’ लिहिताना पहिली वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, पण युनिकोडमध्ये साठते ‘क’च्या नंतर. ‘सर्प’मधला रफार दिसतो ‘प’च्या डोक्यावर, साठतो मात्र ‘प’च्या आधी. जुन्या फाँटमध्ये हे दोन्ही दिसतील त्या क्रमाने असतात. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं नेमकी वेलांटीवर आणि रफारावर अडखळतात, आणि शेवटी माणसाला बसून मुद्रितं तपासावीच लागतात. डिजिटल प्रकाशनात कागद वाचतो, टपाल वाचतं. हे काम वाचत नाही.

पण तो खर्च केला तर काय मिळतं? वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असतानाचा. आज विश्वकोशातल्या नोंदी युनिकोडमध्ये आहेत. ‘हिमनदी’ टाइप करा, नोंद समोर. दृष्टिहीन वाचकाला ती संगणक वाचून दाखवू शकतो, मोबाइलवर अक्षर मोठं केलं तर ओळी आपोआप जुळतात. भारताबाहेर वाढलेल्या मुलीला एखादा शब्द अडला तर त्यावर बोट ठेवून अर्थ बघता येतो. यातलं काहीही त्या कचरा-पीडीएफमध्ये होत नाही. गुगललाही तो ग्रंथ दिसत नाही. माझ्या मते इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी न सापडणारा ग्रंथ आणि न छापलेला ग्रंथ यांत फारसा फरक नाही.

एक खोच राहिलीच. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या पुस्तकाची पीडीएफसुद्धा कधीकधी बिघडते. कारण पीडीएफ मुळात पानावरचे आकार जपते. कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता फाइलमध्ये नीट भरलेला नसला, तर जोडाक्षरं फुटतात. ईपबमध्ये हा त्रास नाही, तिथे मजकूर मजकूर म्हणूनच राहतो. म्हणून पर्याय असेल तेव्हा ईपब घ्या.

आणि घरात कुणाचा प्रबंध किंवा पुस्तक जुन्या डीटीपी फाइलमध्ये पडून असेल, तर ती फाइल आणि तिचा फाँट एकाच फोल्डरमध्ये ठेवा. कोणत्या प्रणालीत टाइप केलं होतं तेही एका ओळीत लिहून ठेवा. फाँट हरवला तर ते आकडे पुन्हा अक्षरांत आणणं फार कठीण, आणि बऱ्याचदा हातात उरतो तो फक्त छापील प्रतीवरून सगळं नव्याने टाइप करण्याचा मार्ग.