जुन्या गाडीचा हीटर-ब्लोअर : सुटा भाग कसा जुळवावा?

जुन्या मोटारीचा ब्लोअर बंद पडला की गिऱ्हाईक गाडीचे नाव सांगून माल मागते. दुकानदार म्हणतो, "तो माल आता येत नाही." धंदा इथेच बुडतो. गाडी बनणे बंद झाले तरी तिच्या भागांचे माप राहते. कापडाचा तुकडा पाहून आपण पोत आणि पन्हा जुळवतो, तसाच हा भागही जुळवता येतो.

म्हणून बिघडलेला भाग फेकू नये, तोच आपला नमुना. त्यावरचा बनवणाऱ्या कंपनीचा नंबर आधी उतरून घ्यावा. लुकास कंपनीचे विजेचे भाग अनेक ब्रिटिश गाड्यांत असत. नंबर जुळला तर दुसऱ्या गाडीचा भागही चालू शकतो. नंबर पुसला असेल तर या गोष्टी पाहाव्यात :

१) कार्बन ब्रश : लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी. १२ व्होल्टच्या मोटारीला तांबेमिश्रित कार्बन लागतो. मिक्सरचा ब्रश घासून बसवला तर मोटार मंद फिरते.

२) रेझिस्टर : वेग कमी करणारा हा भाग. फक्त ओहम पाहू नये, वॉटही पाहावेत. दीड ओहममधून ३ अँपिअर वीज गेली तर साडेतेरा वॉट उष्णता होते. रेडिओतला पाव वॉटचा रेझिस्टर क्षणात जळेल. तारेचा, २५ वॉटचा घ्यावा आणि हवेच्या झोतातच बसवावा.

३) बॅटरीची जोडणी : एमजीबी गाडीत १९६७ पर्यंत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे. अशा गाडीत कायम चुंबकाची मोटार नेहमीप्रमाणे जोडली तर पंखा उलटा फिरतो.

४) फ्यूज : वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा घालू नये. मग फ्यूजऐवजी वायर जळते, कधी गाडीही.

मुंबईत मोटारीच्या भागांसाठी ऑपेरा हाउस, जुन्या मालासाठी मटन स्ट्रीट आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, रेझिस्टरसाठी लॅमिंग्टन रोड पाहावा. आर्मेचर जळले असेल तर वाइंडिंगचा कारागीर ते पुन्हा भरून देतो.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. भाग अस्सल नसून जुळवलेला असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे, बिलावरही लिहावे. शोधण्याच्या मेहनतीचा मोबदला जरूर घ्यावा. पण जुळवलेला माल अस्सल म्हणून विकला तर एका सौद्याचा नफा मिळतो आणि गिऱ्हाईक कायमचे जाते.