वरणातली डाळ

मुरुड, ता. जि. लातूर

चि. बाळीस,

तुमच्या गटानं शाळेत रांधलेल्या वरणाबद्दल इथं मोंढ्यात वाईट बोललं जातंय. लेकरांच्या तोंडची डाळ आपल्या घरातली पोर काढणार नाही, हे मी जाणते. पण चोरी न करताही डाळ कमी पडते. माझा संशय तुझ्या त्या लिटरच्या मापावर आहे.

शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागं 20 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 30 ग्रॅम डाळ ठरलेली आहे. हिशेब वजनाचा, आणि पातेल्यात डाळ जाते मापानं. लिटरभर पाणी किलोभर भरतं. तुरीची डाळ भरत नाही. दाण्यांमध्ये जागा राहते, म्हणून ती 800 ग्रॅमच्या आसपास बसते. शंभर लेकरांना दोन किलो हवी तिथं दोन मापं टाकलीस, तर 400 ग्रॅम कमी. 20 च्या जागी 16. वहीत दोन किलो लिहिलेली, पोत्यात मात्र डाळ उरलेली. ती कुणाच्या घरी जाणार होती, असं विचारलं तर काय सांगशील?

आजीनं जन्मभर शेर-मापट्यानंच केलं, असं तू म्हणशील. खरं आहे. पण तिचं मापटं ठरलेलं, पातेलं ठरलेलं, खाणारी माणसं घरची, आणि पाणीही त्याच मापानं. तिला ग्रॅमचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता. पायली तर गावोगाव वेगळी भरायची. सगळीकडं एकच प्रमाण असावं म्हणून 1956 चा कायदा झाला. तरी तिचा हात किती नेमका होता! तिच्याजवळ बसून तो शिकून घ्यावा, हे आम्हाला त्या वयात सुचलं नाही, याची हळहळ वाटते.

रोज तराजू लावायला वेळ कुठला, हेही खरं. रोज लावूच नकोस. दहा लेकरांमागं 200 ग्रॅम. तेवढी एकदा तोल, सरळ काठाच्या पेल्यात ओत, न ठोकता वरून सपाट कर आणि तिथं खूण कर. मग हजेरीप्रमाणं पेले मोज. मोठ्या वर्गांना दहामागं दीड पेला. शीग लावायची नाही. तुरीची खूण मुगाला किंवा मसुराला चालणार नाही, दाणा बदलला की भरती बदलते. नवं पोतं फोडलंस की पुन्हा तोलून बघ. वरण पातळ हवं तर पाणी वाढव, पण डाळ पडल्यावर. ते लिटरचं माप पाण्याला ठेव.

रागावून लिहिलं खरं. शंभर लेकरांचं रांधायचं, वर लोकांचं ऐकायचं, हे सोपं नाही बाई. बोलणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस. तराजू नसला तर आमचा घेऊन जा, आणि आलीस की जेवल्याशिवाय जायचं नाही.

तुझी आत्या