ओढ्याला जाणारे स्फुरद तळ्यात अडवा



मोठा पाऊस झाला की उसाच्या सऱ्यांतून गढूळ पाणी ओढ्याला जाते. त्या मातीबरोबर आपले स्फुरदही जाते, कारण ते बहुतांशी मातीच्या बारीक कणांना धरून असते. पुढे गावतळ्यात तेच स्फुरद शेवाळ आणि जलपर्णी पोसते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ऊसवाल्यांपुढे हाच प्रश्न आला. ओकिचोबी सरोवराच्या दक्षिणेला असलेल्या उसाच्या रानातले पाणी एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात उतरते. १९९४ च्या कायद्याने तिथे मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. या रानातून जाणारे स्फुरद पूर्वीपेक्षा २५ टक्के कमी करणे बंधनकारक आहे. शेतकऱ्यांनी माती तपासून खत दिले, ते पट्ट्यात पेरले, चरांतला गाळ काढला, पावसाचे पाणी रानातच थोपवले. सरासरी घट ५० टक्क्यांहून अधिक आली! उरलेले स्फुरद काढण्यासाठी सरकारने ५० हजार एकरांहून जास्त क्षेत्रावर उथळ पाणथळ तळी केली.

तिथली मर्यादा अब्ज भागांत १० भाग फॉस्फरस इतकी कडक आहे. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद, म्हणजे मूळ फॉस्फरस सुमारे १० किलो. तेवढा १०० कोटी लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेला न्यायला पुरतो.

आता तळ्याचे काम पाहू. पाणी थांबले की जाड कण लवकर बसतात, चिकणमाती सावकाश. म्हणून पाणी जितके जास्त थांबेल तितके बरे. पाणकणीसही स्फुरद खाते. पण खरी मेख पुढेच आहे. गाळ साचून तळाचा प्राणवायू संपला की लोहाने धरलेले स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येते. कुजलेले पाणकणीसही खाल्लेले परत देते. न उपसलेले तळे म्हणजे गळकी घागर.

तेव्हा एवढे करा :

१) रानाचे पाणी जिथून बाहेर पडते तिथे आधी गाळखड्डा, मग तळे घ्या. पाणी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाच्या सांडव्यावरून निघावे.

२) उन्हाळ्यात तळे आटले की गाळ काढून आपल्याच रानात पसरा. पाणकणीस कणसे फुटण्याआधी कापून कंपोस्टला टाका.

३) सुपर फॉस्फेट लागणीच्या वेळी सरीत मातीआड करा. आभाळ भरलेलं असताना वरून फेकू नका.

४) खोडव्यातले पाचट जाळू नका. ते माती धरून ठेवते.

खताचं पोतं आपण रोख पैसे मोजून आणतो. ते ओढ्याला द्यायचं आणि वर खालच्या गावाचं पाणी नासवायचं, हा दुहेरी तोटा कशाला?

– ऊस विकास अधिकारी