दार लावून केलेली प्रार्थना

रविवार आला. चर्चची घंटा वाजली. धुतलेले कपडे घालून माणसं निघाली. हातात पवित्र शास्त्र, ओठांवर गीत. पाहून बरं वाटतं. पण सोमवारी काय होतं? तराजूत मारायचं ते माप मारलंच जातं. शेजारणीशी अबोला होता, तो तसाच राहतो. मग रविवारी आपण कुणासाठी गेलो होतो? देवासाठी, की चार लोकांनी पाहावं म्हणून?

येशू ख्रिस्ताने डोंगरावर लोकांना हेच सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानात ५ ते ७ या अध्यायांत ते आहे. दानधर्म केलात, तर डांगोरा पिटू नका. उपास धरलात, तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. सुतकी चेहऱ्याने हिंडू नका. प्रार्थना करायची, तर खोलीत जा आणि दार लावून घ्या. त्या काळी चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणारे पुष्कळ होते. आज तरी कुठे कमी आहेत!

मग चर्चला जाऊच नये की काय? तसं नव्हे. येशू स्वतः सभास्थानात जात असे. लोकांनी पाहिलं म्हणून काही बिघडत नाही. लोकांनी पाहावं म्हणून केलं, की बिघडतं.

हे अध्याय एका मराठी कवीच्या मनाला भिडले. ते नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, कोकणातल्या ब्राह्मण घरातला. आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला होता. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

घरी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे परतल्या, पण चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी ते चालू दिले. ‘तुम्ही ख्रिस्ती, तर मीही ख्रिस्ती,’ असं लक्ष्मीबाई म्हणाल्या असत्या, तर घरातला वाद एका दिवसात मिटला असता. पण मन तयार नव्हतं. मग नुसतं पाणी डोक्यावर घेऊन काय करायचं?

त्या विचार करीत राहिल्या. जाती देवाने केल्या, की माणसाने? माणसानेच, असे त्यांना पटले. तेव्हा कुणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. सोवळ्यात वाढलेल्या बाईला हे सोपे नव्हते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी!

पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. पुष्कळांना ते रुचले नाही.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकल्या. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक लिहिले. आपली फजिती, आपला राग, सोवळ्याचा हट्ट, सगळं त्यात आहे. पुस्तक जाड आहे खरं, पण भाषा घरातल्या बोलण्यासारखी. हा धडा तुम्हांला वाचता आला ना? मग तेही वाचता येईल.