दोघांची पथारी

हिवाळ्याच्या सुटीत तुम्ही सहा-सात दिवसांच्या पदभ्रमणाला निघाला आहात, असे समजा. पुण्याहून खडकवासला, तेथून पानशेत, मग वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी, अशी वाट आहे. दोघांदोघांच्या जोड्या केल्या आहेत. प्रत्येक जोडीने एकच अंथरूण न्यायचे आहे, कारण ओझे पाठीवर वाहायचे आहे. मग अंथरूण कोणते न्याल?

हा प्रश्न वरवर पाहता बाजारातील खरेदीचा वाटतो. प्रत्यक्षात तो पदार्थविज्ञानाचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांबरोबर मी खडकवासल्याच्या जलाशयालगत मुक्कामाला होतो. दोन मुलांनी हवा भरायची जाड, दुहेरी गादी आणली होती. शेजारच्या दोघांनी चौपदरी घोंगडी अंथरली होती. घोंगडीवाले सकाळी ताजेतवाने उठले. गादीवाले मात्र अंगावर दोन-दोन रग घेऊनही रात्रभर कुडकुडले. त्यांतला हडकुळा मुलगा सारखा घरंगळत जाडजूड सोबत्याच्या अंगावर येत होता. मध्यरात्री गादी सैल पडली, तेव्हा ती फुटली असे दोघांना वाटले. पण सकाळी ऊन येताच तीच गादी पुन्हा ताठ झाली! या तिन्ही गोष्टींची कारणे शोधू या.

थंडी खालून येते

झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर दर सेकंदाला सुमारे ७५ ज्यूल उष्णता निर्माण करते, म्हणजे जवळजवळ ७५ वॅटच्या दिव्याइतकी. एवढ्यातच रात्र काढायची असते. जमिनीकडे जाणारी उष्णता मुख्यतः वहनाने जाते आणि तिचा हिशोब तुम्हाला ठाऊक असलेल्या सूत्राने करता येतो :

दर सेकंदाची उष्णता = वाहकता × क्षेत्रफळ × तापमानातील फरक ÷ जाडी

उताणे झोपल्यावर अंगाचा सुमारे ०.४ चौरस मीटर भाग अंथरुणाला टेकतो असे धरू. त्वचेचे तापमान ३३ अंश सेल्सिअस व जमिनीचे १५ अंश असल्यास फरक १८ अंश. आता ३ मिलिमीटर जाडीची सतरंजी घ्या. दाबलेल्या सुताची वाहकता सुमारे ०.०५ वॅट प्रति मीटर प्रति अंश असते. गणित करा, उत्तर येते १२० वॅट. शरीर निर्माण करते त्याहून अधिक उष्णता एकट्या पाठीतून निघून जाणार! अंगाखालची जमीन हळूहळू थोडी तापते, म्हणून प्रत्यक्षातील नुकसान याहून कमी असते. परंतु निरनिराळ्या अंथरुणांची तुलना करण्यास हा हिशोब पुरेसा आहे.

सतरंजीऐवजी १ सेंटिमीटर जाडीची, बंद कोशांच्या फोमची चटई घेतली, तर वाहकता ०.०४ धरून उत्तर येते सुमारे २९ वॅट. चौपदरी घोंगडी दाबून १ सेंटिमीटर उरली, तर सुमारे ३६ वॅट. आता घोंगडीवाले सुखाने का झोपले ते कळले ना?

मग वरचे रग कामी का आले नाहीत? ऊब लोकर देत नाही, तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा देते. पांघरुणाचा जो भाग अंगाखाली चेपला जातो, त्यातील हवा निघून जाते. म्हणून वरच्या दोन रगांतील एक खाली अंथरला असता तर अधिक लाभ झाला असता.

मग हवेची गादी गार का?

येथे चौकस विद्यार्थी विचारील, "सर, हवा तर सर्वांत मंद वाहक. तिची वाहकता ०.०२५. आठ सेंटिमीटर जाड हवेतून फक्त २ वॅटच्या आसपास उष्णता जायला हवी!" प्रश्न अगदी योग्य आहे. वहनाने तेवढीच जाते. शिवाय वरची बाजू गरम आणि खालची गार असल्याने गादीतली हवा आपणहून फारशी फिरतही नाही.

परंतु उष्णता तीन मार्गांनी जाते. वहन आणि अभिसरण झाले, प्रारण राहिलेच. गादीचा वरचा गरम पापुद्रा खालच्या गार पापुद्र्याकडे अवरक्त किरणांनी उष्णता पाठवीत असतो आणि मधली हवा त्यांना अडवीत नाही. आपल्या उदाहरणात अशी उष्णता ३५ ते ४० वॅट भरते. गादीची जाडी दुप्पट केली तरी ती कमी होत नाही. त्यातच माणूस कूस बदलतो तेव्हा आतली हवा घुसळली जाते आणि नुकसान आणखी वाढते. म्हणूनच चांगल्या हवेच्या गाद्यांत फोम किंवा तंतू भरतात अथवा चकचकीत पातळ पडदे बसवतात. तंतू हवेला थोपवतात व प्रारण अडवतात. चकचकीत पडदा प्रारण परत पाठवतो.

सैल पडलेली आणि पुन्हा ताठ झालेली गादी

हा चार्ल्सचा नियम. संध्याकाळी हवा ३० अंशांवर, म्हणजे ३०३ केल्व्हिनवर भरली. पहाटे ती १५ अंशांवर, म्हणजे २८८ केल्व्हिनवर आली. दाब जवळजवळ तोच राहिल्यास आकारमान ५ टक्क्यांनी घटते. दुहेरी गादीत १८० लिटर हवा असेल, तर ९ लिटर कमी! गादी फुटलेली नव्हती, हवाच आकसली होती. म्हणून झोपण्यापूर्वी, गार पडल्यावर, पुन्हा थोडी हवा भरावी. उलट दिवसा गादी उन्हात ठेवायची असेल तर झडप थोडी सैल करावी, नाहीतर सांधे उसवतात.

हडकुळा मुलगा का घरंगळला?

गादीला एकच कप्पा होता. पास्कलच्या नियमानुसार आतला दाब सर्वत्र सारखाच. जड मुलगा अधिक खोल रुतला, तेथली हवा सरकून दुसऱ्या बाजूला गेली आणि ती बाजू उचलली गेली. मधे उतार तयार झाला. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हिसका बसे, तोही याच कारणाने. दोघांसाठी हवेची गादी घ्यायचीच असेल, तर दोन स्वतंत्र कप्प्यांची व दोन झडपांची घ्यावी, म्हणजे प्रत्येकाला आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते.

हवा किती भरावी? खूप ताठ गादी फळीसारखीच टोचते. ५० किलोचा माणूस कठीण फरशीवर कुशीवर झोपला, तर त्याचा भार खांदा, कंबर अशा थोड्या जागी येतो. ते क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर धरल्यास दाब १०,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या ७५ मिलिमीटर इतका होतो. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब साधारण ३० मिलिमीटर असतो. तेथला रक्तप्रवाह अडतो, अंग दुखते आणि आपण झोपेत कूस बदलतो. मऊ अंथरुणात तोच भार ०.२५ चौरस मीटरवर पसरला, तर दाब १५ मिलिमीटरच राहतो. कुशीवर झोपून पाहावे. कंबर जमिनीला जेमतेम टेकत नसेल, तर हवा बरोबर आहे.

निवड

लांबच्या प्रवासात आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : वजन, ओल आणि बिघाड. १.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड असा घनमीटरला ३० किलो वजनाचा फोम घेतला, तर सारे अंथरूण ६५० ग्रॅमच्या आसपास भरते. बंद कोशांत पाणी शिरत नाही. साधा स्पंज मात्र वजनाखाली चेपतो आणि पाणी पितो. सुती गादी जड असते व भिजली की ऊब गमावते. लोकर ओल सोसते. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीचे घोंगडे धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले ते उगीच नव्हे. त्याचा दोष एकच, वजन.

हवेच्या गादीला काटा लागला तर दोघांचीही रात्र वाया जाते. फोमला भोक पडले तरी काही बिघडत नाही. म्हणून सहा-सात दिवसांच्या वाटचालीसाठी माझी शिफारस अशी : प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंदीच्या दोन फोमच्या चटया घ्याव्यात आणि नाड्यांनी एकमेकींना बांधाव्यात. मधे फट राहत नाही आणि ओझेही दोघांत वाटले जाते. अधिक मऊपणा हवा असेल तर वर हवेची पातळ गादी घालावी. विजेच्या एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, तशीच येथे उष्णतारोधांची होते, आणि खालचा फोम गादीला काट्यांपासूनही वाचवतो.

जागाही पारखून घ्यावी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जलद उष्णता ओढते, आणि देवळाची दगडी फरशीसुद्धा तशीच. रात्री डोंगरउतारावरची गार हवा खाली वाहत येऊन खोलगट भागात साठते. म्हणून जलाशयाच्या अगदी काठाशी झोपू नये, थोड्या उंच, कोरड्या जागी झोपावे. पाण्याची पातळी रात्रीतून वाढू शकते, हेही ध्यानात ठेवावे. मुक्कामाची परवानगी आधी काढावी.

हा निव्वळ सुखाचा प्रश्न नाही. रात्रभर कुडकुडलेला, न झोपलेला मुलगा दुसऱ्या दिवशी तोरण्याच्या कड्याजवळ पाय टाकताना चुकू शकतो.

करून पाहा

तीन सारखे स्टीलचे डबे घ्या. प्रत्येकात ५० अंशांचे सारखेच पाणी भरा. बाजू व झाकण टॉवेलने सारख्याच घड्यांत गुंडाळा, तळ मात्र उघडा ठेवा. एक डबा फरशीवर, दुसरा सतरंजीवर, तिसरा फोमवर ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमान मोजून तासाभराचा आलेख काढा. मग फरशी ओली करून प्रयोग पुन्हा करा. सतरंजी भिजली, तर तिचा आलेख कोणत्या आलेखाजवळ सरकेल? उत्तराचा अंदाज आधी वहीत लिहून ठेवा आणि मगच डबे मांडा.